वीस दिवस आणि महिन्याचा एक दिवस



शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल सरकारचं धोरण काय, हा विषय ऐकताच अनेकांचा हात रेडिओच्या बटणाकडे जातो, हे मला ठाऊक आहे. गावात या विषयाची व्याख्या फार सोपी आहे. गुरुजी ट्रेनिंगला गेले, म्हणजे आज अर्धी शाळा. ही व्याख्या अगदीच चूक म्हणता येत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्यातला एक पाच दिवस तालुक्याला गेला, की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे, खिचडीकडे लक्ष द्यायचं, आणि मध्येच पंचायत समितीतून कुणी माहिती मागितली तर तीही भरून द्यायची. मग एखादा पालक विचारतो, "काहो गुरुजी, शिकून तं आलेच होते ना तुमी? मंग आता पुन्हा काय शिकता?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दिलं पाहिजे. डी.एड.च्या दोन वर्षांत आम्ही शिकतो ते एका वर्गाला एक विषय पस्तीस मिनिटांत कसा शिकवावा ते. पाठ घ्यायला जातो ती शाळा बहुधा शहरातली असते, वर्गात एकाच वयाची मुलं असतात आणि ती आपल्याच भाषेत बोलतात. नोकरी लागते ती मात्र झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर, नाही तर दिग्रस-पुसदकडच्या तांड्यावर. एका खोलीत दोन-दोन वर्ग, आणि घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारी मुलं. म्हणजे शिक्षकाचं खरं शिक्षण नोकरी लागल्याच्या दिवशी सुरू व्हायला हवं. ते कुणी द्यायचं, कुठे द्यायचं, आणि किती, एवढाच खरं तर या धोरणाचा मामला आहे.

सरकारने काही केलं नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उलट कागदावर इतकं चांगलं लिहून ठेवलेलं आहे, की वाचताना मन प्रसन्न होतं. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने काम केलं. त्याचे सदस्य-सचिव होते आपले मराठी जे. पी. नाईक. त्या आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली. जवळच्या प्राथमिक शाळा एका माध्यमिक शाळेशी जोडायच्या आणि त्यांनी एकमेकींना धरून सुधारायचं. एकट्या शाळेतल्या एकट्या शिक्षकाचा एकटेपणा हा शिक्षणातला मोठा दोष आहे, हे त्या माणसांनी तेव्हाच ओळखलं होतं.

पुढे १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. देशभरातल्या लाखो शिक्षकांसाठी दहा-दहा दिवसांची उद्बोधन शिबिरं झाली. १९८७ पासून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली डायट, ही योजना सुरू झाली. नव्वदच्या दशकात नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि त्याच्यासोबत 'स्मार्ट पीटी' नावाचं प्रशिक्षण. आमच्या पिढीच्या शिक्षकांना हे नाव ऐकलं की अजून हसू येतं, पण त्या प्रशिक्षणाने गट पाडून शिकवणं, खेळातून शिकवणं हे शब्द पहिल्यांदा गावापर्यंत नेले, हेही खरं.

डायटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जिल्ह्याच्या शिक्षणाची ही मूळ संस्था. तिच्या आराखड्यात सात विभाग होते. भावी शिक्षकांचं शिक्षण, सेवेतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण, अभ्यासक्रम, साहित्य, नियोजन असं सगळं. जिल्ह्याच्या गरजा जिल्ह्यातच ओळखाव्यात, हा हेतू. पण आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा. उमरखेडहून यवतमाळला यायचं तर शंभर किलोमीटरच्या वर अंतर होतं. मूठभर अधिव्याख्यात्यांनी एवढ्या मुलखातल्या शाळांपर्यंत पोहोचायचं कसं?

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. प्राथमिक शिक्षक हा जिल्हा परिषदेचा नोकर. ही व्यवस्था आणण्यात आपल्याच जिल्ह्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांचा मोठा वाटा. लोकशाही विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते, आणि तिच्या अहवालातून १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. शाळा लोकांच्या हाती आली, हे चांगलंच झालं. पण डायट चालते ती राज्याच्या खात्याकडून, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या मार्गदर्शनाखाली. म्हणजे शिकवायचं कसं हे सांगणारा एक, आणि रजा, बदली, पगार पाहणारा दुसरा. शिक्षक माणूसच आहे. तो कुणाचं आधी ऐकेल हे सांगायला नको.

मग २००१ च्या सुमाराला सर्व शिक्षा अभियान आलं आणि प्रशिक्षणाला पैसा आला. प्रत्येक शिक्षकाला वर्षाला वीस दिवसांपर्यंत प्रशिक्षण, नव्याने लागलेल्या प्रशिक्षित शिक्षकाला तीस दिवस, अप्रशिक्षिताला साठ. दिवसाला माणशी सत्तर रुपये खर्चाची मर्यादा. शिवाय शैक्षणिक साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पाचशे रुपये. त्या पाचशे रुपयांतून आम्ही काय काय आणलं असेल! कार्डशीट, स्केचपेन, मणी, चिंचोके तर फुकटच. त्याच काळात राज्यात शिक्षणसेवक योजनाही होती. नवा प्राथमिक शिक्षक तीन वर्षं महिन्याला तीन हजार रुपये मानधनावर काम करत होता. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, तोच सर्वांत कमी पगाराचा आणि सर्वांत लांबच्या शाळेतला. एका हाताने तीस दिवसांचं प्रशिक्षण आणि दुसऱ्या हाताने तीन हजार रुपये, असं ते धोरण होतं.

हे वीस दिवस यायचे कसे? राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार व्हायचे. ते जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना शिकवायचे, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. याला कॅस्केड म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर कालव्याचं पाणी. धरणातून सुटताना भरपूर असतं, शेवटच्या शेताला ओल लागली तर नशीब. वर पाच दिवस चर्चा झालेली असायची, खाली येईपर्यंत घटकसंच वाचून दाखवला जायचा. हजेरीपत्रक, चहा, दुपारनंतर गाणी आणि शेवटी प्रतिक्रिया: "प्रशिक्षण अतिशय उपयुक्त वाटले." मी अशा शेकडो प्रतिक्रिया वाचल्या आहेत. सगळ्यांचं वाक्य एकच असतं.

आता एक गोष्ट सांगतो. मी काही वर्षं केंद्रप्रमुख होतो. माझ्याकडे एक पोडावरची शाळा होती, आणि तिथे बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला एक तरुण शिक्षक होता. मेहनती होता. पण पहिलीची मुलं तोंडच उघडत नव्हती. एकदा केंद्र संमेलनात तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी चित्र दाखवून विचारतो, हे काय आहे? मुलं म्हणतात, एल्ला. मी म्हणतो, नाही, घर. घ घराचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एल्ला. आता तर मी चित्र काढलं की खालीच पाहतात."

एल्ला म्हणजे कोलामीत घर. मूल बरोबर उत्तर देत होतं, आणि रोज त्याला 'नाही' ऐकावं लागत होतं. सहा वर्षांच्या जिवाने किती दिवस बरोबर उत्तर द्यावं? आठ-पंधरा दिवस देतं, मग गप्प बसतं. पुढे त्याच्या नावापुढे 'अप्रगत' लागतं, मग गैरहजेरी वाढते, आणि चौथीच्या आत ते पोर आईसोबत कापूस वेचायला जाऊ लागतं. गळतीचे तक्ते आपण पाहतो, त्यांची सुरुवात अशा एखाद्या 'नाही'मध्ये असते.

त्या शिक्षकाने तोपर्यंत कितीतरी दिवसांची प्रशिक्षणं घेतली होती. कुठल्याच घटकसंचात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ते असणार तरी कसं? राज्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत त्या एका पोडावरची भाषा कुठून येणार? उत्तर निघालं ते त्याच खोलीत. तांड्यावर दहा-बारा वर्षं शिकवलेल्या एका मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं याडी म्हणत येतात पोरं. मी आधी याडीच लिहिते, मग आई." दुसरे एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "चौथीतली एखादी पोरगी जवळ बसव, ती सांगन त्याईले." दुपारपर्यंत सहा-सात युक्त्या फळ्यावर आल्या होत्या. त्यानंतर जेवण झालं. यजमान शाळेने रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती, ते इथे सांगण्याचं कारण नाही, पण अशी संमेलनं लक्षात राहतात त्यात वांग्याच्या भाजीचाही हात असतो.

तो शिक्षक परत गेला आणि त्याने जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांकडूनच शब्द गोळा केले. आपल्या अंकलिपीत ई ईडलिंबूचा असतो. श्रोतेहो, ईडलिंबू तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे? त्या पोडावर तर कुणीच पाहिलं नव्हतं. कोलामीत पाण्याला ईर म्हणतात. त्याने लिहिलं, ई ईरचा. ए एल्लाचा. अक्षर तेच, मराठीच, फक्त शब्द पोरांच्या घरातला. पुढच्या संमेलनात त्याने ते तक्ते आणले. महिनाभरात पहिलीची मुलं काही वाचायला लागली नव्हती, असं चमत्काराचं मी सांगणार नाही. पण ती बोलायला लागली होती. तक्त्यासमोर भांडत होती, हा शब्द असा नाही, तसा आहे म्हणून. बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवता येतं. गप्प बसलेल्याला कुणीच शिकवू शकत नाही.

याला खर्च शून्य आला, आणि याला मी व्यावसायिक विकास म्हणतो.

हे घडू शकलं ते एका धोरणामुळेच, हे मात्र विसरायचं नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रप्रमुख हे पद निर्माण केलं. साधारण दहा शाळांमागे एक, अशी राज्यात ४,८६० पदं. त्याने शाळांना भेटी द्यायच्या, वर्गात बसायचं, स्वतः पाठ घेऊन दाखवायचा, आणि महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवायचं. कोठारी आयोगाची शाळासमूहाची कल्पना आपल्या राज्यात खऱ्या अर्थाने उतरली ती या पदात. पुढे केंद्र सरकारलाही ते पटलं असावं. शिक्षण हक्क कायद्यानंतर सर्व शिक्षा अभियानाचे निकष बदलले, तेव्हा वीस दिवसांची विभागणी झाली. दहा दिवस तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, आणि उरलेले दहा म्हणजे वर्षातल्या दहा महिन्यांत महिन्याला एक दिवस आपल्या केंद्रात, सहकाऱ्यांसोबत. माझ्या मते प्रशिक्षणाच्या सगळ्या धोरणांतली ही सर्वांत शहाणी ओळ.

पण ओळ लिहिणं वेगळं आणि दिवस राखणं वेगळं. केंद्रप्रमुख हा पंचायत समितीला सापडलेला आयता माणूस. दहा शाळांतून काहीही आणायचं असेल, तर त्याला फोन. पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या याद्या, यू-डायसचे अर्ज, नंतर आधारची नोंदणी. संमेलनाच्या दिवशी सगळे शिक्षक एकत्र येतात, तेव्हा माहिती तिथेच गोळा करणं सोयीचं. मग सकाळी अकराला सुरू झालेलं संमेलन दुपारी दोनपर्यंत तक्त्यांतच संपतं, आणि 'आदर्श पाठ' वेळेअभावी पुढच्या महिन्यावर जातो. जिथे पदच रिकामं, तिथे एखाद्या मुख्याध्यापकाकडे प्रभार. तो स्वतःचा वर्ग सोडून दुसऱ्याचा वर्ग पाहायला कसा जाणार? २०२३ मध्ये विभागीय परीक्षेतून भरण्यासाठी २,३८४ पदांची जाहिरात निघाली. एकूण ४,८६० पदांतला हा आकडा पाहा, म्हणजे किती केंद्रं वाऱ्यावर होती याचा अंदाज येईल. आणि ती परीक्षाही तेव्हा पुढे ढकलली गेली.

मधल्या काळात एक वेगळा वारा आला होता. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला. सरसकट प्रशिक्षण देण्यापेक्षा शिक्षक मागेल ते द्यावं, असा विचार तेव्हा पुढे आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातले शिक्षक जाऊ लागले. आपल्याकडूनही गेले. गाड्या करून, स्वतःच्या खिशातून पैसे काढून. शिक्षकाला शिकायचंच नसतं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी. दुसऱ्या शिक्षकाचा चालता वर्ग पाहण्यासारखं प्रशिक्षण नाही. अर्थात आपल्या सवयीप्रमाणे त्याचीही नक्कल झाली. मूळ विचार राहिला बाजूला आणि गावोगावी शाळांच्या फरशा रंगल्या. फरशीवर आकडे काढले की ज्ञानरचनावाद झाला, अशी समजूत काही ठिकाणी झाली. तरीही त्या दोन-तीन वर्षांत शिक्षक आपसात जेवढे शिक्षणाबद्दल बोलले, तेवढे मी आधी कधी ऐकले नव्हते.

२०१६ मध्ये डायटचं नाव बदलून 'जिल्हा शैक्षणिक सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास संस्था' असं झालं. पाटी रंगवणाऱ्याला दोन ओळी लागल्या असतील. लोक डायटच म्हणत राहिले, आणि पुढे सरकारही जुन्या नावावर आलं.

मग करोना आला. २०१९ मध्ये सुरू झालेलं केंद्राचं 'निष्ठा' प्रशिक्षण २०२० मध्ये 'दीक्षा' ॲपवर आलं. अठरा अभ्यासक्रम, प्रत्येकाच्या शेवटी चाचणी आणि प्रमाणपत्र. त्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. अभ्यासक्रमांत वाचण्यासारखंही बरंच होतं. पण नेटवर्कसाठी टेकडीवर चढून व्हिडिओ पुढे सरकण्याची वाट पाहणारा शिक्षक काय शिकतो? आणि चाचणीची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरत असतील, तर प्रमाणपत्र नेमकं कशाचं? वरिष्ठ वेतनश्रेणीचंही तेच. बारा वर्षांच्या सेवेनंतर ती मिळते, आणि आम्ही मंडळी तिला 'चटोपाध्याय' म्हणतो, कारण तिच्या मुळाशी १९८३ ते ८५ या काळातला त्या नावाचा शिक्षक आयोग. तिच्यासाठी प्रशिक्षणाची अट आहे. अट योग्यच आहे. पण अलीकडे त्या प्रशिक्षणाला दोन हजार रुपये शुल्क शिक्षकाकडूनच घेतलं गेलं. ज्या प्रशिक्षणामुळे पगार वाढतो, त्याकडे माणूस पगारवाढ म्हणूनच पाहतो. त्यात त्याचा दोष नाही.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितलं आहे की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास साधावा. शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, हेही त्यातच आहे, आणि शाळा संकुलाची कल्पनाही कोठारी आयोगाचा उल्लेख करून पुन्हा मांडली आहे. तिन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. त्या एकमेकींना जोडायच्या बाकी आहेत.

साधा हिशेब करू. महिन्याला एक दिवस, दिवसाचे पाच तास, वर्षाचे दहा महिने. पन्नास तास झाले. यासाठी नवं ॲप नको, नवी इमारत नको, यवतमाळला जायला नको. फक्त त्या पाच तासांत एकही तक्ता भरला जाणार नाही, एवढं पंचायत समितीने ठरवायला हवं. माहिती गोळा करायला दुसरा दिवस घ्या, हवं तर शिपाई पाठवा. केंद्रप्रमुखाचं पद भरा आणि त्याला निदान आठवड्यातले तीन दिवस वर्गात बसू द्या. डायटच्या अधिव्याख्यात्याने जिल्ह्याच्या सभागृहात शंभर जणांना भाषण देण्यापेक्षा महिन्याला चार केंद्रांत मागच्या बाकावर बसून ऐकावं. पोडावरच्या आणि तांड्यावरच्या शाळांचं केंद्र असेल, तर त्या दिवशी कोलामी किंवा गोरमाटी जाणणारा गावातला एखादा माणूस बोलवावा, आणि त्याला सन्मानाने मानधन द्यावं. कारण त्या विषयातला तज्ज्ञ तोच.

पालकांनाही यात करण्यासारखं आहे. शिक्षण हक्क कायद्याने आपल्या शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्या सभेत आपण शौचालय, भिंत, पोषण आहार यांबद्दल विचारतो. एकदा हेही विचारा, की गुरुजी, मागच्या महिन्यात शिक्षण परिषदेला गेला होता, तिथे आपल्या शाळेचा कोणता प्रश्न मांडला? आणि काय उत्तर मिळालं? गुरुजींना राग येणार नाही. बहुतेकांना तर हे विचारणारं कुणी आजवर भेटलेलंच नाही.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून आपल्याकडे वर्षातली पहिली परिषद जुलैत येते. पेरण्या चाललेल्या असतात, पहिलीची पोरं नुकती रडणं थांबवून वर्गाकडे पाहायला लागलेली असतात. परिषदेचे विषय बहुधा वरून ठरून येतात, ते येऊ द्यावेत. पण त्यातला एक तास मोकळा ठेवावा आणि दहा शाळांच्या शिक्षकांनी आदल्या आठवड्यात आपापला एकेक अडलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून केंद्रप्रमुखाकडे द्यावा. नाव लिहिलं नाही तरी चालेल.